कॉम्प्युटरची रॅम घरच्या घरी वाढवायची असेल तर

"भाऊ, मशीन लय हळू चालून राह्यली. मेमरी टाकून देता का?"

दारव्ह्याकडच्या एका गावात बसस्टँडसमोर माझं दुकान आहे. पुढे झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म, मागे एका टेबलावर पोटं उघडी टाकलेले दोन-तीन कॉम्प्युटर. वरचं वाक्य तिथे महिन्यातून चार-पाचदा तरी कानावर पडतं. पीक विम्याचे नाहीतर शिष्यवृत्तीचे दिवस आले की जास्तच. माझं उत्तर ठरलेलं आहे: टाकून देतो, पण हे तुम्हालाही जमण्यासारखं आहे. डेस्कटॉपमध्ये रॅम बसवायला दहा मिनिटं लागतात. ज्याला ट्यूबलाइटची पट्टी नीट बसवता येते त्याला रॅमही बसवता येते. खरी मेहनत आपल्या मशीनला कोणती रॅम चालते आणि मुळात वाढवता येते की नाही, हे ओळखण्यात आहे. पैसे बुडतात ते तिथे, पेचकस हातात घेतल्यावर नाही. म्हणून या लेखातही पेचकस बराच उशिरा येईल.

कमी काय पडतंय ते आधी पाहा

मोबाइलमुळे 'मेमरी' या शब्दाचा आपल्याकडे पार चिवडा झाला आहे. मागे एक काका ६४ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आले आणि म्हणाले, "हे आतमंदी फिट करून द्या, मंग पळन." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, मोबाइलवालाही कार्डाला मेमरीच म्हणतो. फोटो, गाणी, फाइली कायमच्या राहतात ती हार्डडिस्क किंवा एसएसडी. चालू काम पसरून ठेवलेलं असतं ती रॅम. बाजार समितीत गोदाम वेगळं आणि लिलावाचा ओटा वेगळा, तसंच हे. गोदामात हजार पोती मावत असतील, पण ओट्यावर पन्नासच मावत असतील तर एक ढीग उचलून आत नेल्याशिवाय दुसरा मांडता येत नाही. हमालांच्या या ये-जा करण्यात जो वेळ जातो त्यालाच आपण 'कॉम्प्युटर हँग झाला' म्हणतो.

आता तुमचा ओटा खरंच लहान आहे का ते पाहा. रोज जे काम करता ते सगळं उघडा: ब्राउझरमध्ये महाडीबीटी, सातबारा, ईमेल, सोबत एक्सेल, स्कॅनर, जे काय असेल ते. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात जा. तिथे 'मेमरी' आणि 'डिस्क' या दोन ओळी बघायच्या.

मेमरी सतत पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम कमी पडतेय. मेमरी पन्नास-साठ टक्के आणि डिस्क मात्र शंभर टक्क्यांना चिकटलेली असेल, तर तुमची हार्डडिस्क जुनी, फिरत्या तबकडीची आहे आणि दमली आहे. तिच्या जागी एसएसडी टाका. रॅमवर पैसे घातले तरी मशीन तितकीच रडेल. दोन्ही गोष्टी कमी आहेत आणि खिशात पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, तर मी आधी एसएसडी सांगतो. काही मेकॅनिक उलट सांगतील. माझा अनुभव असा की मशीन चालू व्हायला पाच मिनिटं लागणारा माणूस एसएसडीने जितका खुश होतो तितका रॅमने होत नाही.

किती रॅम पुरते? ४ जीबीवर विंडोज १० किंवा ११ चालतं म्हणायचं, एवढंच. फॉर्म भरणं, टॅली, टायपिंग, ऑनलाइन क्लास यांना ८ जीबी पुरते. लग्नाचे व्हिडिओ कापणं, फ्लेक्सची डिझाइन करणं, एकाच वेळी तीस-तीस टॅब उघडे ठेवणं असलं काम असेल तर १६ जीबी. त्याच्यापुढे आपल्याकडच्या कामाला कोणी ३२ जीबी सुचवली तर त्याला 'कायले?' असं सरळ विचारा.

अजून एक तपासणी, जी बहुतेक जण विसरतात. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'सिस्टीम टाइप' वाचा. तिथे ३२-बिट लिहिलं असेल तर थांबा. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या वर रॅम वापरूच शकत नाही, आणि प्रत्यक्षात त्यातलीही तीन-सव्वातीन जीबीच हाती लागते. वरची रॅम पाहुण्यासारखी नुसती बसून राहते. आपल्याकडे जुन्या मशीनवर कोणीतरी कधीतरी मारून दिलेलं ३२-बिट विंडोज ७ अजून सर्रास सापडतं. प्रोसेसर ६४-बिटचा असेल तर आधी ६४-बिट विंडोज नव्याने टाकावं लागेल.

विंडोजचा विषय निघालाच आहे तर हेही बोलून घेऊ. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. तुमची मशीन त्यात बसत नसेल तर तिच्यात पैसे घालायचे का, हे रॅमचा भाव विचारण्याआधी ठरवा. मी स्वतः तिसऱ्या पिढीच्या मशीनमध्ये जुनी, स्वस्तात मिळालेली रॅम टाकतो. नवी विकत घेऊन टाकत नाही.

स्लॉट आहे की चिपा चिकटवलेल्या?

'मालकाला स्वतः रॅम वाढवता येते का' या प्रश्नाचं खरं उत्तर इथे मिळतं.

डेस्कटॉपमध्ये जवळजवळ नेहमीच येते. मदरबोर्डवर दोन किंवा चार लांब खाचा असतात, त्यांना स्लॉट म्हणतात. रॅमची पट्टी त्यात उभी दाबून बसते. आपल्या भागात असेंबल करून घेतलेल्या जुन्या मशीनमध्ये बहुधा एच६१ किंवा एच८१ जातीचा बोर्ड निघतो. दोन्हींत दोन स्लॉट आणि जास्तीत जास्त १६ जीबी. त्याहून जुना जी४१ असेल तर ८ जीबीच्या वर जात नाही. बोर्डाचं नाव बोर्डावरच मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, टॉर्च मारून वाचा.

लॅपटॉपचं तसं नाही. तिथे तीन प्रकार असतात: दोन्ही स्लॉट मोकळे करता येण्यासारखे, थोडी रॅम बोर्डावर चिकटवलेली आणि सोबत एक स्लॉट, किंवा सगळीच चिकटवलेली. टास्क मॅनेजरमधल्या त्याच मेमरीच्या पानावर खाली 'स्लॉट्स युज्ड' आणि 'फॉर्म फॅक्टर' अशा ओळी असतात. फॉर्म फॅक्टरसमोर 'एसओडिम' दिसलं तर काढता-घालता येणारी लॅपटॉपची पट्टी आहे. 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर चिपा बोर्डावरच डाख देऊन बसवलेल्या आहेत. मात्र स्लॉटच्या आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. चिकटवलेल्या रॅमलाही विंडोज कधीकधी स्लॉट म्हणून मोजतं, आणि 'दोनपैकी एक वापरात' वाचून माणूस रॅम घेऊन येतो आणि उघडल्यावर आत जागाच नसते.

खात्रीचा मार्ग म्हणजे कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल. लॅपटॉप उलटा केला की मागे पूर्ण मॉडेल नंबर सापडतो. नुसतं 'इन्स्पिरॉन' किंवा 'पॅव्हिलियन' चालत नाही, पुढचे आकडे आणि अक्षरंही लागतात. तो नंबर आणि 'सर्व्हिस मॅन्युअल' एवढं शोधा. डेल, एचपी, लेनोव्हो या तिघांची मॅन्युअलं फुकट मिळतात. कोणता स्क्रू कुठे आहे इथपासून किती जीबीपर्यंत रॅम चालते इथपर्यंत सगळं त्यात चित्रांसह असतं. दोन तास यूट्यूब बघण्यापेक्षा हे मॅन्युअल वीस मिनिटं वाचा.

अगदी पातळ लॅपटॉप, क्रोमबुक आणि ॲपलच्या मशीनमध्ये रॅम चिकटवलेलीच धरून चाला. मॅकबुक एअर २००८ साली आला तेव्हापासून त्याची रॅम बदलता येत नाही. २०१२ पासूनच्या रेटिना डिस्प्लेच्या मॅकबुक प्रोमध्येही नाही, आणि २०२० च्या एम१ पासून तर मेमरी प्रोसेसरच्या पुडक्यातच बसवलेली असते. पुण्याला नोकरी करणारा मुलगा घरी जुना मॅकबुक ठेवून जातो आणि बाप तो माझ्याकडे घेऊन येतो, तेव्हा मला हात जोडावे लागतात. कंपन्यांची बाजूही पूर्ण खोटी नाही. लॅपटॉपमधली कमी वीज खाणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ, बोर्डावरच लावावी लागते, तरच ती त्या वेगाने चालते, आणि मशीन पातळही होते. पण ८ जीबीच्या मॉडेलवरून १६ च्या मॉडेलवर जाताना त्या जो भाव लावतात, तो बघितला की दुसरंही कारण कळतं. असा लॅपटॉप घेत असाल तर पुढच्या पाच वर्षांना पुरेल एवढी रॅम घेतानाच घ्या.

टीव्हीसारखा दिसणारा, पडद्यामागेच सगळं असलेला ऑल-इन-वन असेल तर त्यात बहुधा लॅपटॉपची पट्टी लागते, डेस्कटॉपची नाही.

पट्टीवरची चिठ्ठी

रॅमच्या प्रत्येक पट्टीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. ती वाचता आली की तुम्ही निम्मे मेकॅनिक झालात.

आधी आकार. डेस्कटॉपची पट्टी सव्वातेरा सेंटिमीटरच्या आसपास लांब, लॅपटॉपची तिच्या निम्मी, पावणेसात सेंटिमीटर. मग पिढी. डीडीआर३ बाजारात आली २००७ मध्ये, डीडीआर४ २०१४ मध्ये, आणि डीडीआर५ चं मानक जाहीर झालं २०२० मध्ये. एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, कारण खालच्या सोनेरी दातांमधली चीर प्रत्येक पिढीत वेगळ्या ठिकाणी असते. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ दात आहेत, तरी चीर जुळत नाही. जोर लावून बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत. पट्टी नाही, स्लॉट जातो, आणि स्लॉट गेला की बोर्ड गेला.

आता एक चिठ्ठी वाचू. माझ्या टेबलावर पडलेल्या एका पट्टीवर, इंग्रजी अक्षरांत, असं आहे: ८जीबी २आरएक्स८ पीसी३एल-१२८००एस. ८ जीबी कळलं. '२आर' म्हणजे चिपांच्या दोन रँका, म्हणजे दोन गट. 'एक्स८' म्हणजे एक चिप एका वेळी आठ बिट माहिती देते-घेते. 'पीसी३' म्हणजे डीडीआर३. पुढचा 'एल' लक्षात ठेवा, त्याची गोष्ट पुढे सांगतो. १२८०० ला ८ ने भागा, १६०० आले, तो वेग. शेवटचा 'एस' म्हणजे लॅपटॉपची पट्टी. तिथे 'यू' असता तर डेस्कटॉपची. डीडीआर४ च्या चिठ्ठीवर बहुधा सरळ वेगच असतो, पीसी४-२६६६ किंवा पीसी४-३२०० असा. पण काही कंपन्या तिथेही पीसी४-२१३०० लिहितात, तेव्हा तोच ८ चा भागाकार.

त्या 'एल' ची गोष्ट. दुकान नवीन होतं तेव्हा एका गुरुजींच्या लॅपटॉपसाठी मी एसटीने यवतमाळला जाऊन ८ जीबी डीडीआर३ घेऊन आलो. लॅपटॉपची पट्टी, वेग बरोबर, सगळं बरोबर. बसवली, बटण दाबलं, पंखा फिरला, स्क्रीन काळीच. काढली, पुसली, पुन्हा बसवली. काळीच. जुनी टाकली की चालू. दोन तास गुरुजी स्टुलावर बसून माझ्याकडे पाहत होते आणि मी त्यांच्याकडे पाहत नव्हतो. शेवटी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्यावर दिसलं: जुनीवर पीसी३एल, नवीवर नुसतं पीसी३. 'एल' म्हणजे कमी व्होल्टेजची, १.३५ व्होल्टवर चालणारी. साधी डीडीआर३ १.५ व्होल्ट मागते. गुरुजींचा लॅपटॉप इंटेलच्या चौथ्या पिढीचा, आणि त्या पिढीच्या लॅपटॉपला 'एल'च लागते. दुकानदाराने पट्टी परत घेतली नाही, आणि घ्यायचं काही कारणही नव्हतं. मी मागितलं तेच त्याने दिलं होतं. तेव्हापासून माझा नियम: लॅपटॉपची डीडीआर३ घ्यायची तर 'एल'च घ्यायची. ती १.५ व्होल्टवरही चालते, उलटं मात्र होत नाही.

वेग जुळला पाहिजे का? जुळला तर उत्तम, नाही जुळला तरी बिघडत नाही. दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र टाकल्या तर दोन्ही हळू असलेलीच्या चालीने चालतात, बैलजोडीत होतं तसं. सारख्या मापाच्या दोन पट्ट्या टाकल्या तर प्रोसेसर दोन्हींतून एकदम वाचतो, त्याला ड्युअल चॅनल म्हणतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा चांगला उपयोग होतो. पण जुनी ४ फेकून ४-४ ची जोडी आणण्यापेक्षा जुन्या ४ सोबत ८ टाका, एकूण १२ झाली. वहीत ती जोडी विजोड दिसेल, काम मात्र नीट करेल.

खरेदी करताना

इथे भाव लिहीत नाही, कारण लिहिलेला भाव महिनाभरही टिकत नाही. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅम झपाट्याने महागली. जगातली बहुतेक मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि एआयच्या डेटा सेंटरला लागणाऱ्या मेमरीकडे त्यांनी आपलं उत्पादन वळवलं. कापसाचा भाव ठरवणारे आपल्याला दिसत नाहीत, तसे हेही दिसत नाहीत. दोन-तीन दुकानांत विचारा, ऑनलाइन बघा, मगच घ्या.

दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या, किंवा निदान तिच्या चिठ्ठीचा स्पष्ट फोटो. 'डेलच्या लॅपटॉपची रॅम द्या' असं म्हणू नका. डीडीआर३ आता नवी कमी आणि जुनीच जास्त मिळते. नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला गेलात तर जुनी पट्टी दुकानातच मशीनला लावून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान बघा.

ऑनलाइन एक सापळा आहे. डेस्कटॉपची ८ जीबी डीडीआर३ अर्ध्या भावात दिसते, आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त एएमडीसाठी' लिहिलेलं असतं. एएमडी म्हणजे इंटेलसारखीच प्रोसेसरची दुसरी कंपनी. तिच्यातल्या चिपांची रचना वेगळी असते, ती इंटेलच्या बोर्डावर चालत नाही. आपल्याकडची बहुतेक जुनी मशीन इंटेलची. पार्सल आलं की फोडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा, परत करायची वेळ आली तर भांडायला बरं पडतं.

लॅपटॉप वॉरंटीत असेल तर उघडण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करून 'मी स्वतः रॅम टाकली तर वॉरंटी राहील का' हे विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवर मिळालेल्या 'हो'ला पुढे कोणी ओळखत नाही.

उघडण्याआधी

रॅम बदलल्याने फाइली जात नाहीत. तरी महत्त्वाचं सगळं एकदा पेनड्राइव्हवर घ्या, कारण उघडलेल्या मशीनला काहीही होऊ शकतं.

मशीन बंद करा, सॉकेटमधून वायर काढा, आणि यूपीएसचीही काढा. वीज गेलेली आहे म्हणून वायर तशीच राहू देऊ नका. आपल्याकडे लाइन जशी न सांगता जाते तशी न सांगता येते. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, आत साठलेली वीज निघून जाते.

शहरातल्या व्हिडिओत सांगतात की वायर लावलेली ठेवा, म्हणजे कॅबिनेट अर्थ होतं आणि अंगातली स्थिर वीज निघून जाते. गावात हे ऐकू नका. कितीतरी घरांत अर्थिंगच नसते, तीन पिनच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला असतं. अशा घरात चालू कॅबिनेटला उघडा हात लागला की मुंग्या येतात ना, त्या एसएमपीएसमधल्या, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यातल्या, फिल्टरमुळे येतात. ती गळती जमिनीत जायला वाट नसते, म्हणून पत्र्यावर उतरते. म्हणून वायर काढायचीच.

स्थिर वीज मात्र खरी आहे. आपला उन्हाळा कोरडा, एप्रिल-मेमध्ये हवेत ओल नावाला नसते. नायलॉनची साडी, टेरिकॉटची पँट, प्लास्टिकची खुर्ची, एवढं पुरतं. आपल्याला चटका जाणवायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, चिपेला त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणजे चटका बसला नाही म्हणून काही झालं नाही असं नाही. सुती कपडे घाला, लाकडी टेबलावर काम करा, पट्टीला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला किंवा खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, आणि पट्टी नेहमी दोन्ही कडांना धरा. सोनेरी दातांना बोट लावायचं नाही. कूलरच्या समोर बसू नका, तुषार उडतात.

मग कॅबिनेट उघडा आणि घाबरू नका. ज्या घरात कापूस साठवलेला असतो त्या घरातल्या मशीनमध्ये प्रोसेसरच्या पंख्यावर रुईची गादी झालेली असते. वेचणीनंतरच्या महिन्यांत येणारी मशीन मी आधी अंगणात नेतो, मगच टेबलावर घेतो. मऊ ब्रशने झाडा, ब्लोअर असेल तर पंख्याचं पातं बोटाने धरून मारा, नाहीतर तो गरगर फिरून बेअरिंग जातं. पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, उंदराने कुरतडलेली वायर, सगळं सापडतं. एका मशीनमध्ये मला वाळलेली तुरीची शेंग सापडली होती, ती तिथे कशी गेली ते मालकालाही सांगता आलं नाही. साफ करा, पण एसएमपीएसचा डबा उघडू नका. त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही धक्का देतात.

बसवणं

डेस्कटॉप आडवा झोपवा. स्लॉटच्या टोकांच्या क्लिपा बाहेर ढकला. पट्टीची चीर आणि स्लॉटमधला उंचवटा समोरासमोर आणा, पट्टी सरळ उभी धरा आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी सारखा दाब द्या. क्लिप आपोआप 'टक्' करून बसली पाहिजे. न बसता हाताने बंद करावी लागली तर पट्टी अर्धवट बसली आहे. दाब थोडा जास्तच लागतो, नवीन माणूस तिथे कचरतो. चीर जुळलेली असेल तर कचरू नका. झालं, डेस्कटॉपचं काम एवढंच.

लॅपटॉपला थोडा धीर लागतो. उलटा करून मऊ टॉवेलवर ठेवा. काढलेले स्क्रू कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून त्याच जागी ठेवत जा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरून कीबोर्ड फुगतो. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल तर एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. झाकण उचकटायला पेचकस घालू नका, जुनं एटीएम कार्ड घ्या. आत गेल्यावर सर्वांत आधी बॅटरीची वायर बोर्डावरून सोडवा. हे विसरून रॅम काढली तर चालू विजेत काढल्यासारखंच झालं.

लॅपटॉपची पट्टी तिरपी बसते. स्लॉटच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बाहेर ओढले की जुनी पट्टी आपसूक वर उठते. नवी तशीच तिरपी, तीस अंशांच्या आसपास धरून आत सरकवा. सोनेरी दात जवळजवळ दिसेनासे होईपर्यंत ती गेली पाहिजे. मग खाली दाबा, चिमटे 'टिक्' करतील. नव्वद टक्के चुका 'दात अर्धे बाहेर असताना दाबली' याच असतात. बॅटरी जोडा, झाकण लावा, पण स्क्रू सगळे पिळण्याआधी एकदा चालू करून बघा.

चालू झालं नाही तर

पहिल्यांदा चालू होताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर लगेच बटण दाबू नका. नवी रॅम ओळखायला मशीनला वेळ लागतो, डीडीआर५ ला तर काही मिनिटंही. चहा मांडा.

त्यानंतरही काळीच असेल, किंवा डेस्कटॉप सारखा बीप-बीप करत असेल, तर पट्टी नीट बसलेली नाही किंवा चालत नाही. वीज काढून पुन्हा बसवा. दातांवर काळपट थर असेल तर शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, चुरा फुंकून न टाकता ब्रशने झाडा, कारण फुंकरीत थुंकी असते. एका वेळी एकच पट्टी लावून बघा, मग दुसऱ्या स्लॉटमध्ये बघा. दोन पट्ट्या आणि दोन स्लॉट असतील तर चार वेळा करून बघितलं की दोष पट्टीत आहे की स्लॉटमध्ये ते कळतं.

चालू झाली तर टास्क मॅनेजरमध्ये आकडा पाहा. ८ जीबी टाकली आणि वापरायला ७.८ किंवा त्याहून थोडी कमी दिसली तर कोणी फसवलेलं नाही. मशीनमधलं ग्राफिक्स आपला वाटा काढून घेतं, आणि एएमडीच्या लॅपटॉपमध्ये तो वाटा दोन जीबीपर्यंतही असतो. आकडा अर्धाच दिसत असेल तर एक पट्टी बसलेली नाही.

शेवटी स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' टाइप करा. विंडोजचंच हे साधन मशीन पुन्हा चालू करून रॅम तपासतं. वापरलेली पट्टी घेतली असेल तर ही तपासणी टाळू नका. खराब रॅम आधी गप्प बसते आणि आठ दिवसांनी, नेमकी फॉर्मच्या शेवटच्या तारखेला, निळी स्क्रीन दाखवते.

काढलेली जुनी पट्टी फेकू नका. नवी ज्या चंदेरी पाकिटात आली त्यात ती घाला आणि वर पेनाने लिहून ठेवा, कुठल्या मशीनची, कधी काढली. माझ्या ड्रॉवरमध्ये अशा पंधरा-वीस आहेत. गुरुजींच्या लॅपटॉपला न चाललेली ती बिन-एलची पट्टी दोन वर्षं त्यातच पडून होती. मग शेजारच्या गावचा एक पोरगा दुसऱ्या पिढीचा जुना लॅपटॉप घेऊन आला. त्याला ती १.५ व्होल्टचीही चालत होती. त्याच्या बोर्डाच्या हिशेबाने ती १६०० ऐवजी १३३३ च्या वेगाने चालली, पण चालली. पैसे किती, असं त्याने विचारलं. दोन वर्षांपूर्वीचं यवतमाळचं एसटीचं तिकीट आठवून मी फक्त तेवढेच घेतले.